बालअत्याचारावर थीसिस करताय? आधी उत्तरतालिका तपासा

पीजीच्या (पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या) रेसिडेंट डॉक्टरला थीसिससाठी विषय शोधताना एक विषय हमखास हाती लागतो: 'वैद्यकीय विद्यार्थ्यांचं बालअत्याचाराविषयीचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण'. पेशंट शोधायला नकोत, फॉलोअपचे फोन नकोत. हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला की पंधरा दिवसांत डेटा तयार. परळ, सायन, भायखळा, मुंबई सेंट्रल, कुठल्याही कॉलेजात चालून जाईल असा विषय, त्यामुळे गाईडही खूश. विषय चांगला आहे, वादच नाही. पण तो 'सोपा' म्हणून घेतला की पुढे काय काय होतं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात प्रश्नावलीपासून. ती बहुतेक वेळा परदेशी पेपरातून उचललेली असते आणि सोबत तिची उत्तरतालिकाही येते. त्यात हा प्रश्न असतोच: 'बालअत्याचाराचा संशय आल्यास डॉक्टरने कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. हो की नाही?' तालिकेत बरोबर उत्तर 'हो'. अमेरिकेत ते बरोबरच आहे. तिथे मारहाण, उपासमार, दुर्लक्ष, लैंगिक अत्याचार हे सगळं एकाच छत्राखाली कळवावं लागतं. आपल्याकडे कळवण्याची सक्ती आली ती १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ ने, आणि ती लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बापाने पट्ट्याने फोडून काढलेल्या मुलासाठी हे कलम लागत नाही. तिथे वाट वेगळी: एमएलसी (पोलिसांशी संबंधित केसची वैद्यकीय नोंद) करायची आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ३१ खाली मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. डॉक्टर, नर्स, रुग्णालयाचं व्यवस्थापन यांचा त्या कलमात नावानिशी उल्लेख आहे. मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने केलेल्या क्रौर्यासाठी कलम ७५.

म्हणजे ज्या विद्यार्थ्याला कायदा नीट माहीत आहे, तो हा प्रश्न वाचून 'कोणता अत्याचार?' असं विचारेल आणि 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' वर टिक करेल. त्याला शून्य. ज्याने काहीच वाचलेलं नाही तो चांगुलपणाने 'हो' म्हणेल आणि त्याला पूर्ण गुण. मग थीसिसच्या शेवटी 'विद्यार्थ्यांचं ज्ञान समाधानकारक' असं छापून येतं. या प्रकारच्या अभ्यासांतला हा मला सगळ्यात मोठा दोष वाटतो, कारण तो संख्याशास्त्राने दुरुस्त होत नाही.

तालिकेतल्या आणखी काही जागा पाहून घ्या. कोणाला कळवायचं? आपल्याकडे विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलीस ठाणं. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. १०९८ ला फोन करता येतो आणि करावाही. (ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, हे मुंबईच्या विद्यार्थ्यांना माहीत नसतं.) तपासणीआधी एफआयआर लागतो का? नाही. पोक्सोचं कलम २७ तसं स्पष्ट सांगतं, आणि २०२० च्या पोक्सो नियमांतल्या नियम ६ प्रमाणे तातडीच्या उपचारांसाठी पोलिसांचं किंवा न्यायाधीशांचं पत्र मागताच येत नाही. संशय चुकीचा निघाला तर डॉक्टरवर खटला? सद्‌हेतूने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. आणि कळवलं नाही तर खरंच काही होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण आहे. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं म्हटलं.

आता दृष्टिकोन. 'लहान मुलांवर अत्याचार करणं चुकीचं आहे' या वाक्याला पाचपैकी पाच गुण देणार नाही असा विद्यार्थी सापडणार नाही. असे प्रश्न विचारून काहीच कळत नाही. दृष्टिकोन कळतो तो प्रसंगातून, आणि प्रसंग लिहिणं हे या कामातलं खरं कसब आहे.

उदाहरण घेऊ. तीन वर्षांचा मुलगा, दोन्ही पाय घोट्यांच्या वरपर्यंत भाजलेले. आई सांगते, मोरीत गरम पाण्याची बादली ठेवली होती, हा त्यात पाय घालून उभा राहिला. एवढंच लिहून 'हा अत्याचार वाटतो का?' विचारलंत तर तुम्ही ज्ञान मोजत नाही, विद्यार्थ्याचा स्वभाव मोजता. एका खोलीच्या घरात, मोरीला लागून स्वयंपाक, तिथे अपघाताने भाजणं अगदी नेहमीचं. प्रसंगात तपशील हवेत. भाजल्याची कड मोज्याच्या कडेसारखी सरळ आहे की वेडीवाकडी? दोन्ही पायांवर उंची सारखी आहे का? आजूबाजूला पाण्याचे शिंतोडे उडाल्याचे डाग आहेत का? स्वतःहून पाय घालणारं पोर एक पाय घालतं, चटका बसला की मागे घेतं, पडतं, पाणी उडवतं. सरळ कड, सारखी उंची आणि शिंतोडे नाहीत, असं असलं तर कुणीतरी धरून ठेवलं होतं का, हा प्रश्न उभा राहतो. पाणी कशावर तापवलं, बादलीत किती होतं, घरात कोण होतं, भाजल्यापासून दवाखान्यात यायला किती वेळ लागला, हेही द्यायला हवं. साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. त्यामुळे 'जरा वेळच होता पाण्यात' हे सांगणं खरंही असू शकतं. विद्यार्थ्याने यातल्या कोणत्या गोष्टी विचारल्या, त्यावर गुण द्या. 'हो' किंवा 'नाही' वर देऊ नका.

वळांचा आणि डागांचा प्रसंगही असाच. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ, आणि चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावर कुठेही वळ, ही धोक्याची खूण. पडून-झडून लागतं ते गुडघ्याला, नडगीला, कपाळाला. पण त्याच प्रश्नावलीत बाळाच्या ढुंगणावरचा निळसर मंगोलियन स्पॉटही (ही जन्मखूण, माराचा डाग नव्हे) द्या. आपल्याकडच्या बाळांत तो सर्रास असतो आणि परदेशी प्रश्नावल्यांत तो क्वचितच पुरेशा गांभीर्याने येतो. हिमोफिलिया, के जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा रक्तस्राव, मुडदूस, ठिसूळ हाडांचा आजार, हे सगळे अत्याचाराची नक्कल करतात. 'वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा ते नक्की सांगता येतं' हे विधान तालिकेत 'बरोबर' म्हणून दिसलं तर ती प्रश्नावली तिथेच बंद करा. ते चुकीचं आहे.

एक सोपा पण फार उपयोगी प्रयोग: वरच्या बादलीच्या प्रसंगाच्या दोन आवृत्त्या करा. एकीत वडील नाका कामगार, घर गोवंडीला. दुसरीत वडील चार्टर्ड अकाउंटंट, घर विलेपार्ल्याला. जखमेचा एक शब्दही बदलू नका. अर्ध्या विद्यार्थ्यांना पहिली, अर्ध्यांना दुसरी, चिठ्ठ्या टाकून. 'पोलिसांना कळवेन' म्हणणाऱ्यांत एका गटात ५० टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के असा फरक पकडायचा असेल तर ८० टक्के पॉवर (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात ९३ जण पुरतात. २५० च्या बॅचमध्ये सहज होण्यासारखं. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोक्याला मारहाण झालेल्या १७३ बालकांपैकी ५४ जणांचं निदान पहिल्या भेटीत हुकलं होतं, आणि गोऱ्या, आईवडील एकत्र राहत असलेल्या घरांतल्या मुलांत ते जास्त हुकलं होतं. आपल्याकडे पूर्वग्रह जातीचा, धर्माचा, वस्तीचा असेल. तो मोजायला ही एक पानाची युक्ती पुरते.

नमुन्याचंच निघालं म्हणून सांगतो: '३८४ हवेत' हा आकडा सगळे डोळे झाकून लिहितात. तो अनंत लोकसंख्येसाठी आहे. तुमची बॅचच २५० ची असेल तर सुधारित आकडा १५२ येतो.

आणखी दोन प्रसंग मुंबईच्या प्रश्नावलीत असायलाच हवेत. एक, मेळघाटातला 'डंबा': पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापवलेल्या लोखंडाने चटके देणं. करणाऱ्याला बाळ बरं व्हावं असंच वाटत असतं. विद्यार्थी याला अत्याचार म्हणतात का, आणि म्हणत असतील तर नेमकं काय करतील, यावर मतं फाटतात. तिथेच अभ्यास रंगतो. दुसरा, सोळा-सतरा वर्षांची मुलगी, मर्जीने ठेवलेल्या संबंधांतून गरोदर, गायनॅकच्या ओपीडीत आलेली, आणि तिला पोलीस नको आहेत. लग्न झालेलं असलं तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून संमतीचं वय १८ हेच. कलम १९ मध्ये या मुलीसाठी सूट नाही. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या प्रकरणी सांगितलं की मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना देण्याच्या माहितीत तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. कळवायचं तर आहेच, पण ओळख न देता. हा बारकावा किती रेसिडेंटना माहीत आहे हे मोजण्यासारखं आहे.

आता अवघड भाग. बऱ्याच प्रश्नावल्यांच्या शेवटी एक ओळ असते: 'तुमच्या स्वतःच्या बालपणी असा काही अनुभव आला आहे का?' ही ओळ घातली की तुमचा अभ्यास एथिक्स कमिटीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) 'कमीत कमी जोखीम' या वर्गातून बाहेर पडला. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, त्यात महाराष्ट्रही होता. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला होता. लेक्चर हॉलमध्ये फॉर्म वाटताना समोर असे विद्यार्थी असणारच, हे गृहीत धरूनच तयारी करायला हवी.

त्यातून फर्स्ट इयरची बॅच घेतली तर मोठीच पंचाईत. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असले की पुरतं. म्हणजे ॲप्रन घालून शरीररचनेच्या हॉलमध्ये उभे असलेले काही जण कायद्याने अजून 'बालक' आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ खालच्यासाठी पालकाची संमती लागते, आणि १२ ते १८ वयात मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही. अत्याचाराच्या प्रश्नावलीवर वडिलांची सही आणायला सांगणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अत्याचार करणारा घरातलाच असू शकतो. शिवाय १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने 'हो, सध्या चालू आहे' असं नावानिशी सांगितलं तर कलम १९ तुमच्यावरही लागू. त्यात 'कोणतीही व्यक्ती' असं म्हटलं आहे, संशोधकाला वगळलेलं नाही. माझा सल्ला सरळ आहे: इंटर्न घ्या. सगळे १८ च्या पुढचे, आणि कॅज्युअल्टीत केसपेपर पहिल्यांदा तेच लिहितात, त्यामुळे त्यांचं ज्ञान मोजण्याला अर्थही जास्त. तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही. आजच्या इंटर्नचं बालपण २०१२ च्या पुढेही चालू होतं, आणि पोक्सोच्या तक्रारीला मुदत नाही असा खुलासा २०१८ साली सरकारने केला आहे. म्हणून एथिक्स कमिटीतल्या कायदेतज्ज्ञ सदस्याचं मत मागा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.

गोपनीयतेचं वचन देताना प्रामाणिक मार्ग दोनच दिसतात. पहिला, खरोखर निनावी सर्वेक्षण. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद, 'एकदाच उत्तर' हाही बंद, कारण त्यासाठी लॉगिन लागतं आणि लॉगिन दिसलं की विद्यार्थी खरं लिहीत नाही. रोल नंबर नाही. लिंग, मूळ जिल्हा आणि विभाग हे तिन्ही एकत्र विचारायचे नाहीत. तीन रेसिडेंटच्या विभागात 'स्त्री, गडचिरोली' म्हटलं की संपलंच. तक्त्यात पाचपेक्षा कमी संख्या असलेला रकाना छापायचा नाही. आणि शेवटचा 'आणखी काही सांगायचंय?' हा मोकळा चौकोन काढून टाका. त्यात कुणी भाचीचं नाव आणि शाळा लिहिली तर तुम्हाला 'माहिती' मिळाली, पण लिहिणारा कोण ते माहीत नाही. असा कागद हातात आल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तो ड्रॉवरमध्ये जातो.

दुसरा मार्ग, मुलाखती, मर्यादित गोपनीयतेसह. संमतीपत्रात मग हे वाक्य ठळक हवं: 'तुम्ही सांगितलेलं आम्ही कुणाला सांगणार नाही. मात्र १८ वर्षांखालच्या एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं तुमच्या बोलण्यातून कळलं, तर ते पोलिसांना कळवणं आम्हाला कायद्याने भाग आहे.' हे वाचून काही जण बोलणार नाहीत, डेटा कमी येईल. येऊ दे. 'संपूर्ण गोपनीयता' असं छापून नंतर मोडणं किंवा मोडायची वेळ आल्यावर डोळेझाक करणं, दोन्ही वाईट.

फॉर्म कोण वाटतो हेही बघा. ज्या प्राध्यापकाकडे इंटर्नल असेसमेंटचे गुण आहेत त्याने लेक्चर संपताना दार लावून फॉर्म वाटले, तर 'स्वेच्छेने' या शब्दाला किंमत नाही. बाहेरच्या विभागातला माणूस हवा, कोरा फॉर्म परत देण्याची मुभा हवी, आणि कोणी दिला, कोणी नाही याची यादी नको. फॉर्मच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर मदतीची जागा: टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन हेल्पलाइन, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, कॉलेजचा समुपदेशक. समुपदेशकाशी आधी बोलून त्या आठवड्यातल्या वेळा पक्क्या करा. नुसता नंबर छापणं म्हणजे मदत नव्हे.

शिकवण्याकडे येतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याच्या खुणा' हा भाग न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून काढायचं २०१९ साली ठरवलं, सेवाग्रामच्या एका प्राध्यापकाने प्रस्ताव लावून धरल्यानंतर. टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं आणि ती शिकवली जाऊ नये म्हणून अभ्यासक्रम तपासायलाही सांगितलं. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्यपटलाचा जुना मजकूर परत डोकावला. आरडाओरड झाल्यावर सप्टेंबरात तो मागे घ्यावा लागला. जुनी टिपणं मात्र झेरॉक्सच्या दुकानात अजून मिळतात, हे शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या तपासणीत काहीही सापडत नाही, हे वाक्य इंटर्नला पाठ हवं, नाहीतर तो 'जखम नाही, सबब अत्याचार नाही' असं लिहून मोकळा होतो.

सगळ्यात कमी शिकवलं जातं ते विचारणं आणि लिहिणं. 'काकांनी इथे हात लावला का?' हा प्रश्न विचारला की उत्तर तुम्ही मुलाच्या तोंडात घातलंत, आणि उलटतपासणीत ते टिकत नाही. 'काय झालं ते मला सांग', 'मग?', 'अजून काही आठवतं?' एवढंच. केसपेपरवर 'मुलीवर अत्याचार झाल्याचं आई सांगते' असं मोघम नको. विचारलेला प्रश्न, मग मुलाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात, शरीराच्या भागासाठी त्याने वापरलेल्या घरगुती शब्दासकट. बारा वर्षं पूर्ण असतील तर तपासणीची संमती मुलाची स्वतःची. नकार दिला तर नकार लिहायचा आणि उपचार चालू ठेवायचे. चार दिवसांच्या म्हणजे ९६ तासांच्या आत आलं असेल तर स्वॅब घ्यायचे, सावलीत वाळवायचे, मगच पाकिटात. कपडे कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत डीएनए गेलेला असतो. हे सगळं बाहुलीवर किंवा एकमेकांवर शिकवता येतं. वॉर्डमधल्या त्या मुलीभोवती बारा विद्यार्थी उभे करून, तिला तीच हकीकत चौथ्यांदा सांगायला लावून शिकवू नये.

केस रिपोर्ट छापायचा असेल तर पोक्सोचं कलम २३ वाचा. नाव, पत्ता, फोटो, घरचे, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे, आणि शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जर्नल पालकांची संमती मागतं. पालकच आरोपी असेल तर ती घेणार कोणाकडून, हे उत्तर नसेल तर ती केस छापू नका. छापायचीच तर वय महिन्यांत न देता वयोगट द्या, वस्तीचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि आरोपीचा व्यवसाय गाळा, कारण या तिन्हींवरून पेपरातली बातमी पाच मिनिटांत सापडते. जखमेचा फोटो विभागाच्या कॅमेऱ्याने, शेजारी मोजपट्टी ठेवून. रेसिडेंटच्या फोनमधून काढलेला फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि तिथून विभागाच्या ग्रुपवर यायला एक बोट पुरतं.